व्हिडिओ आपला, किल्ली कोणाकडे?

(रेडिओवर झालेल्या बोलण्यावरून)

मी आरमोरीहून बोलते आहे.

यूट्यूबवर एक व्हिडिओ आहे, चार मिनिटांचा. त्यात माझ्या सासूबाई वास्त्याची भाजी करताहेत. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आपल्याकडे सांगायची गरज नाही, पण बाहेरगावच्या बायाही हे ऐकतात म्हणून सांगितलं. व्हिडिओ दिसायला छान आहे. पण त्यात एक चूक आहे. ती चूक मला सुधारता येत नाही आणि तो व्हिडिओ काढूनही टाकता येत नाही. असं का झालं ते आज सांगणार आहे. मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत तिघीजणींनी विचारलं होतं, की ताई, व्हिडिओ करून टाकायचा कसा? त्याचं उत्तरही यातच येईल.

चार वर्षांपूर्वीचा पावसाळा होता. नणंदेचा मुलगा शिकायला आमच्याकडे राहायचा. तो म्हणाला, मामी, आजीच्या भाज्या लोकांना दाखवू. तेव्हा अहमदनगर जिल्ह्यातल्या, आता अहिल्यानगर म्हणतात त्या, सारोळा कासार गावच्या सुमन धामणे आजींचं नाव सगळीकडे झालं होतं. शाळेची पायरी न चढलेली, सत्तरीतली बाई. २०२० साली नातवाने पावभाजी मागितली, मोबाईलवर ती कशी करतात ते दाखवलं, तर आजी म्हणाल्या की याच्यापेक्षा चांगली मी करते. त्यातून ‘आपली आजी’ हा चॅनेल सुरू झाला आणि त्याच वर्षी लाखो लोक तो पाहायला लागले. आमच्या भाच्याच्या डोळ्यासमोर तेच होतं. माझ्या डोळ्यासमोर काही नव्हतं, मला नुसती हौस होती.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “काढ ना. पण डोक्यावर पदर हाय का नाही ते पाय पयले.” तेवढीच त्यांची अट.

आता व्हिडिओ काढायचा कसा ते सांगते. महागडा मोबाईल लागत नाही. माझा साधाच होता. पहिलं काम म्हणजे मागची काच पदराने पुसायची. हसू नका. आपले मोबाईल पिठाच्या-तेलाच्या हाताचे असतात आणि निम्मे व्हिडिओ त्यानेच धुरकट येतात. दुसरं, मोबाईल विमानाच्या खुणेवर ठेवायचा, नाहीतर ऐन फोडणीच्या वेळी कोणाचा तरी फोन येतो. तिसरं, हातात धरायचा नाही, हात हलतोच. आम्ही धानाचं पोतं उभं केलं, त्यावर डबा ठेवला आणि डब्याला मोबाईल टेकवला. चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ असेल तर मोबाईल आडवा ठेवायचा. एक-दोन मिनिटांचा छोटा असेल, ज्याला शॉर्ट म्हणतात, तर उभा. शॉर्ट आधी एक मिनिटाचाच चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतो.

उजेडाचं मात्र नीट ऐका. आपल्या सांधनीत अंधार आणि धूर. तिथे काढलेल्या व्हिडिओत फक्त बांगड्या वाजलेल्या ऐकू येतात. चूल अंगणात मांडा. सकाळी आठ-नऊचं ऊन चेहऱ्यावर एका बाजूने यावं. पाठीमागून आलं तर माणूस काळा दिसतो. दुपारचं ऊन नको, कपाळाखाली सावली पडून डोळे दिसत नाहीत.

उजेडापेक्षाही महत्त्वाचा आवाज. चित्र थोडं खराब असलं तर माणूस पाहतो, पण आवाज कळला नाही तर लगेच पुढे जातो. मोबाईल बोलणारीपासून हातभर अंतरावर हवा. पंखा बंद, टीव्ही बंद, धानाची मशीन चालू असेल तर थांबा. कोंबडा आरवला तर आरवू द्या, त्याने काही बिघडत नाही. दोन मोबाईल असतील तर दुसऱ्यावर नुसता आवाज भरायचा आणि तो बोलणारीच्या मांडीजवळ ठेवायचा.

आणि एकदम सगळं काढत बसू नका. तुकड्या-तुकड्याने काढा. वास्ते सोलतानाचे हात एकदा जवळून, कढई एकदा वरून, बोलताना चेहरा एकदा. प्रत्येक तुकडा सुरू झाल्यावर मनात तीनपर्यंत मोजा, मग बोला. बोलून झाल्यावर पुन्हा तीन मोजा, मग बंद करा. पुढे कापाकापी करताना या तीनचं महत्त्व कळतं.

आता ती कापाकापी, म्हणजे एडिटिंग. आमची चूक इथे झाली.

सासूबाईंची रीत अशी होती. वाडीतल्या बांबूच्या बेटातून दोन-तीनच कोंब घ्यायच्या, सगळे तोडले तर पुढे बांबू कुठून येणार? वरची टरफलं सोलायच्या, आतला पांढरा गाभा बारीक चिरायच्या, भरपूर पाण्यात झाकण न ठेवता उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायच्या. मग पुन्हा नवं पाणी, पुन्हा उकळी, पुन्हा फेकायचं. मग पिळून फोडणीला. हे पाणी फेकणं चवीपुरतं नाही. बांबूच्या कच्च्या कोंबात विषारी घटक असतो, त्यापासून सायनाइड तयार होतं. चिरून उकळलं की ते पाण्यात आणि वाफेत निघून जातं. सासूबाईंना सायनाइड हा शब्द माहीत नव्हता, पण पाणी फेकायचं माहीत होतं.

आमचा मूळ व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला. भाचा म्हणाला, मामी, एवढं कोणी पाहत नाही. तेही खरंच आहे. आपल्या झाडीपट्टीत माणूस थंडीत चादर गुंडाळून रात्रभर नाटक पाहतो, पण तोच माणूस मोबाईलवर अर्ध्या मिनिटात कंटाळतो. म्हणून भाच्याने कापलं. उकळण्याचा तुकडा दिसायला रटाळ, नुसतं पाणी आणि वाफ. तो पूर्ण गेला. चिरलेले वास्ते, आणि पुढच्या क्षणी थेट फोडणी. चार मिनिटांचा व्हिडिओ तयार. मी पाहिला आणि म्हटलं, वा. सासूबाईंना मोबाईलवर पूर्ण दाखवलाच नाही. दाखवला असता तर त्यांनी तिथेच म्हटलं असतं की पाणी कुठे फेकलं?

म्हणून आता माझा नियम ठरलेला आहे. कापलेला व्हिडिओ आधी त्याच बाईला दाखवायचा जिने काम केलं. यूट्यूबवर टाकताना तीन पर्याय येतात. एक सगळ्यांना दिसेल असा. दुसरा फक्त आपल्याला दिसेल असा. आणि तिसरा, ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसेल असा. आधी तिसरा पर्याय निवडायचा, लिंक गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायची, दोन दिवस ठेवायची. जाणत्या बाया चुका काढतील. मगच सगळ्यांसाठी खुला करायचा. कापण्यासाठी पैसे देऊन ॲप घ्यायची गरज नाही, यूट्यूबचं स्वतःचं ‘यूट्यूब क्रिएट’ ॲप फुकट आहे. कंटाळवाणं ते काढा, पण ज्याच्यावाचून भाजी, औषध किंवा काम चुकेल ते कंटाळवाणं असलं तरी ठेवा. फार लांब वाटलं तर तो तुकडा वेगाने पळवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा की हे पाणी दोनदा फेकून द्या.

आमच्या व्हिडिओवर पहिले काही महिने चांगल्या कमेंट आल्या. मग एक आली, कोण्या शहरातल्या बाईची. बांबू आणून आजींसारखी भाजी केली, फार कडू झाली, घशाला लागली, आमचं काय चुकलं? ती वाचून माझ्या पोटात गोळा आला. तोवर भाचा शिक्षण संपवून पुण्याला गेला होता. त्याला फोन केला, म्हटलं, तो व्हिडिओ लगेच काढून टाक.

तेव्हा कळलं की चॅनेल त्याच्या एका जुन्या ईमेलवर उघडला होता. पासवर्ड आठवत नव्हता. नवीन पासवर्डसाठी जो ओटीपी येतो तो त्याच्या जुन्या मोबाईल नंबरवर. त्या नंबरवर त्याने कित्येक महिने रिचार्ज केलं नव्हतं. असा नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच माणसाला मिळतो. आम्ही त्या नंबरवर फोन केला तर कोणी तिसराच बोलला. त्या बिचाऱ्याला काय सांगणार? भाच्याने बरेच दिवस प्रयत्न केले, पण खातं काही उघडलं नाही. त्याच्यावर माझा राग नाही. चॅनेल माझ्या घरचा, चेहरा माझ्या सासूचा, मोबाईल माझा, आणि खातं कोणाच्या नावावर आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

तर मैत्रिणींनो, मोबाईल हातात घेण्याआधी हे ठरवा. गटाचा चॅनेल असेल तर गटासाठी वेगळं ईमेल उघडा. त्याला जोडलेला नंबर अशा बाईचा असावा जिचा नंबर वर्षानुवर्षे चालू आहे. दुसरा नंबर किंवा दुसरं ईमेल आणखी एका सदस्याचं द्या. मुलगा, भाचा, शेजारचा पोरगा मदत करणार असेल तर त्याला पासवर्ड सांगू नका. चॅनेलच्या सेटिंगमध्ये परवानग्या म्हणून जागा आहे, तिथे त्याचं ईमेल टाकून त्याला फक्त व्हिडिओ टाकण्या-कापण्याचं काम देता येतं. मालकी आपलीच राहते आणि तो गावाहून गेला की त्याचं नाव काढता येतं.

दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, म्हणजे पासवर्ड कळला तरी ओटीपीशिवाय कोणी आत येणार नाही. तिथेच गूगल दहा राखीव आकडे देतं, मोबाईल हरवला तर त्यातला एक-एक आकडा एकेकदा वापरता येतो. ते कागदावर लिहून गटाच्या पेटीत ठेवा. पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ही पद्धत आपल्याला पैशांसाठी माहीत आहेच, तीच इथे चालवायची.

हे सगळं वाढीव वाटतं का? ऑक्टोबर २०२० मध्ये सुमन धामणे आजींचा चॅनेलही हॅकरने पळवला होता. चार दिवसांनी, यूट्यूबकडे धावपळ करून, तो परत मिळाला. त्यांचे पाहणारे लाखो होते म्हणून गाजावाजा झाला. आपल्यासाठी कोण धावणार? “तुमच्या चॅनेलचे पैसे सुरू करून देतो, ओटीपी सांगा” असे फोन येतील. सांगायचं नाही. फसवणूक झालीच तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक लगेच लावायचा.

पैशांचं विचारलंच होतं एकीने, तर तेही सांगून टाकते. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला चॅनेलला १,००० सबस्क्राईब करणारे हवेत आणि वर्षभरात लोकांनी मिळून ४,००० तास पाहिलेलं हवं. चार हजार तास म्हणजे पाच मिनिटांचा व्हिडिओ ४८,००० वेळा, तोही शेवटपर्यंत. एवढं झाल्यावर जाहिरातीच्या कमाईतले शंभरात पंचावन्न आपले, आणि १०० डॉलर जमल्याशिवाय खात्यात येत नाहीत. शंभरातल्या एखाद्या बाईचं होतही असेल. पण यासाठी धानाचा रोवणा सोडू नका. हौस म्हणून करायचं तर डाटा आणि वेळ एवढाच खर्च आहे, आणि डाटासुद्धा वाचवता येतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ७२० निवडलं तर मिनिटाला साधारण साठ एमबी लागतात, त्याहून वरचं निवडलं तर दुप्पट. दिवसभराचा उरलेला डाटा रात्री रेंज असेल तिथे अपलोडला लावून द्यायचा.

गाण्याचं सांगते. मागे सिनेमाचं गाणं लावायचा मोह होतो. यूट्यूबचं यंत्र ते गाणं लगेच ओळखतं. मग पैसे असले तर गाण्याच्या मालकाला जातात, नाहीतर व्हिडिओ अडवला जातो. मालकाने तक्रार केली तर चॅनेलवर ठपका बसतो, असे तीन ठपके नव्वद दिवसांत आले तर चॅनेल बंद. झाडीपट्टीच्या नाटकाचा तुकडा उचलून टाकला तरी तेच, ते नाटक कोणाच्या तरी पोटापाण्याचं आहे. मोफत संगीताचा साठा यूट्यूबमध्येच आहे. नाहीतर घरचा आवाज राहू द्या, फोडणीचा, पावसाचा.

आणि आपल्याच बायांची गाणी घ्यायची असतील तर? तिथे जास्त जपून. जात्यावरच्या ओव्यांचं एक मोठं काम महाराष्ट्रात झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ते सुरू केलं, हजारांवर गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता त्या ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संग्रहात आहेत, २०१७ पासून लोकांसमोर येताहेत. त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव असतं. “एक ग्रामीण महिला” असं लिहून मोकळं होत नाहीत. रोवणीत गाणाऱ्या मावशीचा व्हिडिओ बांधावरून चोरून काढून टाकायचा आणि वर लिहायचं “गावाकडची मजा”, हे मला पटत नाही. विचारा, नाव लावू का म्हणून विचारा, आणि नाही म्हणाली तर नाही. चिखलात गुडघ्यापर्यंत लुगडं वर असतं, तो व्हिडिओ तिच्या जावयाच्या मोबाईलवरही जाणार असतो.

पाठीमागे काय दिसतं तेही पाहा. भिंतीला लावलेली आधार कार्डाची प्रत, उघडं पासबुक, नदीवर अंघोळ करणाऱ्या बाया, शाळेच्या गणवेशातली मुलगी. टाकताना यूट्यूब विचारतं की हा व्हिडिओ लहान मुलांसाठी बनवला आहे का, तिथे खरं उत्तर द्या. नावही नीट द्या. आपण नुसतं “वास्ते” लिहिलं तर गडचिरोलीबाहेर कोणाला सापडणार नाही. “वास्त्याची भाजी, बांबूच्या कोंबांची भाजी” असं दोन्ही लिहा.

हत्तींबद्दल बोलल्याशिवाय आपल्या भागात हा विषय पुरा होत नाही. गंमत म्हणजे यूट्यूबवरचा अगदी पहिला व्हिडिओ हत्तींचाच आहे. २३ एप्रिल २००५, अमेरिकेतल्या एका प्राणिसंग्रहालयात जावेद करीम नावाचा तरुण हत्तींपुढे उभा राहून त्यांच्या लांब सोंडेबद्दल दोन शब्द बोलतो. एकोणीस सेकंद, संपला. त्याच्या मागचे हत्ती कुंपणाआड होते. आपल्याकडे २०२१ मध्ये छत्तीसगडकडून आलेला कळप मोकळा फिरतो, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात रानटी हत्तीबरोबर सेल्फी काढायला गेलेला एक तरुण मजूर जिवाला मुकला. घरातल्या पोरांना सांगा. हत्तीचा व्हिडिओ वनविभागाचे लोक काढतील, आपण भाजीचा काढू.

आणखी एक. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉक बंद केलं, तेव्हा ज्यांच्याकडे मूळ व्हिडिओ नव्हते त्यांचं सगळं गेलं. म्हणून मूळ तुकडे पुसू नका, मेमरी कार्डात ठेवा, कार्डावर चिठ्ठी लावा. हे मी शहाणपणाने केलं नव्हतं. जुना मोबाईल बिघडला, कार्ड काढून मसाल्याच्या डब्यामागच्या डबीत टाकलं आणि विसरले.

सासूबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. त्यानंतर घर आवरताना ते कार्ड मिळालं. अकराच्या अकरा मिनिटं त्यात होती. पाणी उकळतंय, सासूबाई फडक्याने भगोणं धरून पाणी वाडीत ओततात आणि म्हणतात, “हे कोणी पिऊ नका अन् ढोराले पन देऊ नका.”

जुन्या व्हिडिओखाली मी माझ्या खात्यावरून कमेंट लिहिली आहे, की यात पाणी फेकायचा भाग राहून गेला आहे, दोनदा उकळून पाणी फेका. कमेंट कोणालाही लिहिता येते. पण ती सगळ्यांच्या वर राहील अशी टाचणी मालकच लावू शकतो, आणि मालक नाही. खाली कोणी तरी सासूबाईंच्या बोलण्याची टिंगल केली आहे, तीही काढता येत नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी मी माझी कमेंट वर आहे की खाली गेली ते पाहून येते.

आणि या पावसाळ्यात गटाच्या नव्या चॅनेलवर पहिला व्हिडिओ तोच टाकला. सात मिनिटांचा. त्यांचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलं. टाकण्याआधी दोन्ही नणंदांना आणि ह्यांना दाखवला, तिघांनी हो म्हटलं. मोठ्या नणंदेने पहिल्यांदा पदर पाहिला. डोक्यावर होता. शेवटचा तुकडा भाच्याने तेव्हा कापला होता, तो मी राहू दिला आहे. कढई उतरवल्यावर सासूबाई मोबाईलकडे पाहतात आणि म्हणतात, “झालं का वो तुमचं? मंग खाऊन घ्या, थंडं होते.”